बंधपत्रावरची पोरं आणि 'विचार बदला' कार्यक्रम: खरंच उपयोग होतो का?

सहीचा_सोमवार

नमस्कार. मी एका जिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'प्रोबेशनच्या मॅडम'. नोकरीला सात वर्षं झाली. वेळ सगळा बालकांच्या कामात जातो, पण कोर्टाकडून मोठ्या माणसांचीही प्रकरणं येतात. प्रश्न त्यांच्याबद्दल आहे.

एक पोरगा आहे, बावीस वर्षांचा. तिघांनी मिळून शेतातल्या मोटारीची केबल कापली आणि आतलं तांबं भंगारात विकलं. याचा पहिलाच गुन्हा. कोर्टात कबूल झाला, माझा अहवाल बरा गेला, कलम ४ खाली दोन वर्षांच्या बंधपत्रावर, म्हणजे तुरुंगाऐवजी नीट वागायची लेखी हमी देऊन, सुटला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतो. मी विचारते, "काय चाललंय?" तो म्हणतो, "चाललंय मॅडम." "त्या पोरांत बसतोस का?" "न्हाई मॅडम." "नीट वाग." "व्हय मॅडम." रजिस्टरवर सही करतो. बाहेर बाकावर पुढचा थांबलेलाच असतो. एकदा घड्याळ लावून बघितलं: चार मिनिटं.

गेल्या महिन्यात असाच सही करून गेला आणि त्याच रात्री गावातल्या एकाच्या गाडीत नळी घालून पेट्रोल काढताना सापडला. चार थपडा खाल्ल्या, बापानं हात जोडले, प्रकरण गावातच मिटलं. पोलिसांपर्यंत गेलं नाही. मला त्याच्या आईनं फोन करून सांगितलं, वर "मॅडम, तुम्ही त्याला बोलू नका हां" असंही म्हणाली. मी बोललेच. का केलंस? तर म्हणतो, "इचारच न्हाई केला मॅडम." आणि मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता.

मागे एका प्रशिक्षणात एक स्लाइड दाखवली होती. परदेशात प्रोबेशनवरच्या लोकांना सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याचे कार्यक्रम देतात, त्यानं पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांनी घटतं. मी हात वर करेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली.

तर हा आकडा खरा आहे का? आणि एक टेबल, दोन खुर्च्या आणि दार न लागणारं कपाट एवढ्या भांडवलावर मी एकटी काय करू शकते? कृपा करून 'समुपदेशन करा' असं कुणी लिहू नका. माझ्या रजिस्टरात 'नीट वाग'लाच समुपदेशन म्हणतात.

काळाकोट

मॅडम, आधी कायद्याचं बोलतो, कारण कार्यक्रमाला बसायची सक्ती करता येईल का हा प्रश्न तुमच्या मनात असणारच.

अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८चा आहे. कलम ४ खाली बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं, आणि देखरेखीचा आदेश दिला तर तो किमान एक वर्षाचा. राहण्याची जागा, दारू-नशेपासून लांब राहणं अशा अटी कोर्ट घालू शकतं. नंतर अट बदलून हवी असेल तर कलम ८ खाली तुम्हीच अर्ज करायचा. 'अमुक वारी अमुक सत्राला हजर राहील' अशी अट मागायला माझ्या मते अडचण नाही.

अडचण पुढे आहे. अट मोडली तर? कलम ९ वाचा. मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते, किंवा पहिल्यांदाच मोडली असेल तर दंड. दंड किती? पन्नास रुपयांपर्यंत. १९५८ साली पन्नास रुपयांना वजन होतं, आज तेवढ्यात पोरगं कोर्टात यायचं पेट्रोलसुद्धा भरू शकत नाही. (माफ करा, उदाहरण चुकीचं निवडलं.)

आणखी एक. काहीही लिहून घेणार असाल तर जपून. पोलिसांत न गेलेल्या गोष्टीची पोरानं स्वतःच्या हातानं लिहिलेली कबुली सरकारी फाइलला लावून ठेवू नका. उद्या ती कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

मिरजेची_लेस्टरात

ताई, 'चार मिनिटं' वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. मी मूळची मिरजेची. इंग्लंडात प्रोबेशनमध्ये अकरा वर्षं हेच ग्रुप घेत होते, दोन वर्षांपूर्वी सोडलं. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आकडा खरा आहे. लिप्सी या अमेरिकन संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ५८ अभ्यास एकत्र करून काढलेला. पण 'पंचवीस टक्के' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं चारातला एक सुधारला. तसं नाही. एरवी शंभरातले चाळीस पुन्हा अडकले असते, तिथं तीस अडकले. म्हणजे दहा जणांच्या ग्रुपमागे एक माणूस. तो कुठला, हे ग्रुप घेणाऱ्याला कधीच कळत नाही. मी अकरा वर्षं त्या एकासाठी बिस्किटं मांडली.

मागची गोष्ट थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेत मार्टिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं सुधारणेचे कार्यक्रम तपासले आणि लेख लिहिला. त्यावरून सगळ्यांनी 'कशाचाच उपयोग नाही' एवढंच उचललं. पुढे पाच वर्षांनी त्यानं स्वतःच ते बरंचसं मागे घेतलं, पण ते कोण वाचतंय. मग ऐंशीच्या दशकात कॅनडात रॉस आणि फाबियानो यांनी म्हटलं की गुन्हे करणाऱ्या बऱ्याच माणसांना उपदेश कमी पडलेला नाही, विचार करायची कसबं कमी पडलीत. थांबणं, दुसरा मार्ग दिसणं, समोरच्याला काय वाटेल हे सुचणं. त्यांनी ऑन्टारियोत साठएक जणांवर प्रयोग केला, आणि ताई, तिथं ग्रुप प्रोबेशन अधिकाऱ्यांनीच घेतले, मानसतज्ज्ञांनी नाही. नऊ महिन्यांनी नुसत्या देखरेखीवरचे जवळजवळ सत्तर टक्के पुन्हा दोषी ठरले होते, आणि या कार्यक्रमातले अठरा टक्के.

असा आकडा दिसल्यावर सगळं जग धावलं. वेल्समध्ये मिड ग्लॅमॉर्गनच्या प्रोबेशननं १९९१ साली तोच कार्यक्रम घेतला. पहिल्या वर्षी पूर्ण करणाऱ्यांचं बरं दिसलं, दुसरं वर्ष संपेपर्यंत फरक विरघळला. पुढे इंग्लंडात सरकारनं हे देशभर सुरू केलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: पूर्ण करणारे बरे राहिले, पण अर्ध्यात सोडणारे न बसलेल्यांपेक्षाही वाईट निघाले. आता हे कार्यक्रमामुळे, की जे सुधारणारच होते तेच शेवटपर्यंत टिकले, यावर मी कितीतरी दुपारी वाद ऐकलेत. दोन्ही थोडं थोडं, असं माझं मत.

उलटा परिणामही होतो, हे तुमच्या स्लाइडवर नसणार. इंग्लंडच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी एक मोठा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. २०१७ साली सरकारनं स्वतःच तपासलं, तर कार्यक्रम केलेल्यांपैकी दहा टक्क्यांनी पुन्हा तसा गुन्हा केला होता आणि न केलेल्यांपैकी आठ टक्क्यांनी. बंद केला. आणि अमेरिकेत ओहायोमध्ये दिसलं की ज्यांचा धोका मुळातच कमी, त्यांना कडक कार्यक्रमांत घातलं की ते बिघडतात. त्याला मानसशास्त्र लागत नाही. तुमच्या केबलवाल्याला तालुक्यातल्या अट्टल मंडळींबरोबर गोलात बसवलंत तर तो विचार शिकेल की ओळखी?

म्हणून पहिलं सांगणं: सगळ्यांना बसवू नका. आमच्याकडे वय, आधीचे गुन्हे वगैरे घालून एक आकडा काढत, तो ठरावीक पातळीच्या वर असेल तरच ग्रुप. तुमच्याकडे तो तक्ता नाही, पण सात वर्षांत कोण पुन्हा येतो हे तुम्हाला त्याच्या चपलांवरून कळत असेल.

आता खोलीत होतं काय, ते. शेवटी मी जो कार्यक्रम घेत होते त्यात एकोणीस सत्रं होती, पंधरा ग्रुपमध्ये आणि चार एकट्याशी. उपदेश जवळजवळ नाहीच. सराव असतो. एक छपराची कामं करणारा माणूस होता, चाळिशीचा, हात खोऱ्यासारखे. मेव्हण्यानं हाक मारली की पबमध्ये जायचा, आणि पबमध्ये गेला की मारामारी ठरलेली. 'नाही' म्हणायचा सराव होता. एक जण मेव्हणा झाला. पहिल्यांदा यानं लांबलचक कारण दिलं, मेव्हण्यानं दोन वाक्यांत खोडून काढलं. दुसऱ्यांदा चिडला. तिसऱ्यांदा हसला, आणि गेलाच. मग एक पोरगं म्हणालं, "तू नाही म्हणतोस, पण तुझे बूट पबकडेच आहेत." सगळ्यांनी खाली बघितलं. खरंच. चौथ्या वेळी त्यानं आधी पाय वळवले आणि चालता चालता म्हणाला, "नको, घरी जेवायला थांबलेत." बास. पुस्तकात हे पाय कुठंही लिहिलेले नाहीत.

ही सत्रं कॅमेऱ्यावर घेत आणि वरिष्ठ बाई ती बघत. माझ्याबद्दल पहिल्या तीन महिन्यांत एकच शेरा यायचा: फार बोलते.

तुम्हाला एकटीला करता येईल असं एक देते. अमेरिकेत प्रोबेशनवाल्यांमध्ये एक कार्यक्रम खूप चालतो, त्यातला हा कागद. मी त्याला 'विचारांचा पंचनामा' म्हणते. वर दोन ओळींत काय घडलं, फक्त घटना, सबबी नाहीत. खाली त्या वेळी डोक्यात आलेली वाक्यं, जशीच्या तशी, शिव्यांसकट. मग काय वाटत होतं: राग, लाज, मजा. शेवटी या वाक्यांच्या बुडाशी कुठला नियम आहे. मग एकच प्रश्न: यातलं कुठलं वाक्य नसतं तर तू घरी गेला असतास? त्याच्या जागी दुसरं वाक्य त्यानंच शोधायचं, तुम्ही नाही. तुम्ही सुचवलंत की ते 'नीट वाग' झालं.

'विचारच नाही केला' हे सगळेच म्हणतात. केलेला असतो. इतका जलद की दिसत नाही. आपल्याकडे हे नवीन नाही हो. घटना आणि परिणाम यांच्या मध्ये दृष्टिकोन असतो, ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिसची मांडणी कि. मो. फडक्यांनी मराठीत आणून किती वर्षं झाली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत त्या विवेकनिष्ठ पद्धतीनं काम चालतं. प्रशिक्षण हवं तर लेस्टरपेक्षा ठाणं जवळ आहे.

सहीचा_सोमवार

मिरजकर ताई, दोनदा वाचलं. माझ्याबद्दलही शेरा तोच आला असता.

पण एक सांगा, हा सातवीत शाळा सोडलेला आहे. लिहायला लावलं तर पेन धरूनच बसेल. आणि त्याचा धोका कमी की जास्त? पहिला गुन्हा, पण आता हे पेट्रोल.

काळाकोट, कलम ८ माहीत होतं, वापरलं कधीच नव्हतं. पन्नास रुपयांचं मात्र आजच नीट वाचलं.

नट_बोल्ट

मध्येच बोलतो, रागावू नका. मी स्वतः बंधपत्रावर होतो. वय एकवीस, गाड्यांचे आरसे आणि बॅटऱ्या. साहेब चांगले होते, तेही 'नीट वाग'वालेच.

मला कुणी विचार शिकवला नाही. साहेबांच्या ओळखीनं एका गॅरेजात लागलो. सहा महिन्यांनी मालकानं शटरची किल्ली दिली, म्हणाला, सकाळी तू उघड. त्या रात्री झोप नाही आली. किल्ली उशाखाली. आत चाळीस बॅटऱ्या होत्या, आणि भाव मला तोंडपाठ.

आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, दोन पोरं हाताखाली. त्यामुळं ताई, कागद-बिगद ठीक आहे, पण त्या पोराला काम आहे का ते आधी बघा. रिकाम्या माणसाला विचार शिकवून तो विचार करणार कशाचा?

मिरजेची_लेस्टरात

नट_बोल्ट, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही, उलट पुरावा देते. लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, एक अभ्यास झालाय. प्रोबेशन नाही तिथं, यादवी युद्धानंतर रस्त्यावर चोऱ्या-माऱ्या करणारे ९९९ तरुण. काहींना आठ आठवड्यांचे सीबीटीचे वर्ग, काहींना दोनशे डॉलर रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या वर्गांचा परिणाम वर्षभरात ओसरत गेला. नुसत्या पैशांनी टिकाऊ असं काही झालं नाही. दोन्ही मिळालेले मात्र दहा वर्षांनीसुद्धा गुन्ह्यांपासून बरेच लांब होते, जवळजवळ निम्म्यानं कमी. अभ्यास करणाऱ्यांना वाटतं की पैशांमुळे छोटा धंदा करता आला, आणि शिकलेलं वागून बघायला काही महिने जास्त मिळाले.

वर्ग घेणारे तिथं कोण होते माहितीये? त्याच वाटेनं आधी गेलेले. आणि गृहपाठ काय, तर नीट कपडे घालून दुकानात, बँकेत जाऊन यायचं. कुणी हाकलत नाही हे बघायचं. मला तुमची किल्ली वाचून तेच आठवलं. मालकानं तुम्हाला सरावच दिला की, रोज सकाळी.

ताई, लिहिता येत नसेल तर तो बोलेल, तुम्ही लिहा, पण त्याचेच शब्द. मधे 'म्हणजे तुला असं म्हणायचंय का' करू नका. धोक्याचं म्हणाल तर तो मधला वाटतो. ग्रुप नको, अर्धा तास एकट्याशी पुरे. काळाकोट यांनी कागदाबद्दल सांगितलंय ते मात्र पाळा.

काळाकोट

त्यालाच घरी नेऊ द्या, किंवा समोर फाडा.

सहीचा_सोमवार

तीन आठवड्यांनी लिहितेय, मार्चअखेर होती.

तो सोमवारी आला, सवयीनं रजिस्टरकडे हात. म्हटलं, थांब, बस. चहा मागवला, तर आधी घाबरलाच, म्हणाला, कोर्टात पाठवताय काय. कोरा कागद मधे ठेवला. पेट्रोलच्या रात्रीचं सांग, डोक्यात काय आलं ते. "काय न्हाई आलं." मी गप्प. सांगते, माझ्यासारखीला गप्प बसणं किती कठीण आहे. पंखा फिरत होता, बाहेर बाकावरचा दुसरा दोनदा डोकावून गेला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "गाडी रिझर्व्हला आलती." एवढंच. मी लिहिलं. मग हळूहळू निघालं.

कागद मी ठेवला नाही, वकीलसाहेब, त्यानं घडी करून मोबाइलच्या कव्हरात घातला. पण ओळी चारच होत्या, पाठ आहेत.

'गाडी रिझर्व्हला आलीय, सकाळी कसं जायचं.'

'ह्याची टाकी फुल असती, लिटरभरानं काय हुतंय.'

'न्हाई म्हटलं तर ही दोघं हसतील.'

चौथी सांगायच्या आधी माझ्याकडे बघून हसला, जरा चोरटं. 'आजच मॅडमकडं सही झालीय, आता म्हैनाभर कोण इचारत न्हाई.'

मी लिहिलं, जसंच्या तसं. अक्षर जरा वाकडं आलं.

यातलं कुठलं वाक्य नसतं तर घरी गेला असतास, हे विचारलं. तिसऱ्यावर बोट ठेवेल असं मला वाटत होतं. त्यानं चौथ्यावर ठेवलं. सात वर्षं मी ती सही घेतेय.

सकाळी जायचं कुठं होतं, हेही तेव्हाच कळलं. वीटभट्टीवर, रोजावर, बारा किलोमीटर. मला माहीतच नव्हतं, चार मिनिटांत निघालं नसतं. नट_बोल्ट, तुमचं गॅरेज कुठल्या जिल्ह्यात आहे ते मला वेगळा निरोप करून कळवाल का?

आता तारीख अशी ठेवलेली नाही. फोन करते तेव्हा यायचं, महिन्यातून दोनदा, आणि सही निघताना. बाकीच्यांचे सोमवार अजून तसेच आहेत, एकदम सगळ्यांचे बदलायला मी एकटी पुरत नाही.

आणि इथं आपलं टोपणनाव बदलता येतं का?